बिनतारीची तार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००८ सालच्या पावसाळ्यात नांदेडच्या आमच्या दुकानासमोर एक ऑटो थांबला. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीचं ते वर्ष. शहरभर रस्ते रुंद होत होते, जिकडेतिकडे खोदकाम होतं आणि भारनियमनामुळे वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता. ऑटोतून दोघांनी मिळून एक लोखंडी पेटी उतरवली. काळा खरखरीत रंग, दर्शनी बाजूला आकड्यांची खिडकी, खाली बटणं. वजन सोळा-सतरा किलो तरी असेल.

सोबतचा तरुण लातूरहून आला होता. म्हणाला, "बाबांचा रेडिओ आहे. बाबा गेले. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. आई म्हणाली, आधी नांदेडच्या मेकॅनिकचाचांना दाखवून ये."

मेकॅनिकचाचा म्हणजे माझे अब्बा. वय अडुसष्ट. त्यांनी चष्मा पुसला, पेटीवरची पत्र्याची पट्टी वाचली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला म्हणाले, "बेटा, ये रेडिओ नै. ये हवाई जहाज का कान है."

पट्टीवर लिहिलं होतं, बीसी-३४८. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांत हा ग्राहक संच बसवलेला असे. युद्ध संपलं आणि भारतात उरलेलं लष्करी सामान लिलावात निघालं. मुंबईच्या चोर बाजारात, हैदराबादच्या जुमेरात बाजारात असे संच पुढे कित्येक वर्षं वजनावारी विकले गेले. ते घेणारे लोक थोडे होते, पण चिवट होते. त्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. मराठीत आपण हौशी बिनतारीवाले म्हणू.

हॅम म्हणजे स्वतःच्या घरून बिनतारी संदेश पाठवण्याचा आणि घेण्याचा सरकारी परवाना असलेला हौशी माणूस. त्याला परीक्षा द्यावी लागते, संकेतनाव मिळतं आणि नोंदवही ठेवावी लागते. या हौशी लोकांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. सुरुवातीच्या काळात सरकारं आणि कंपन्या लांब लहरींवर बसल्या. दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरी कुचकामी समजून हौशी लोकांच्या पदरात टाकल्या गेल्या. त्या 'कुचकामी' लहरींवरूनच १९२३ साली हौशी लोकांनी अटलांटिक महासागरापलीकडे दुतर्फा बोलून दाखवलं. टाकून दिलेल्या तुकड्यात सोनं निघावं तसं झालं.

आपल्याकडेही ही हौस जुनी. कलकत्त्यात १९२१ च्या सुमारास पहिले हौशी लोक उभे राहिले. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या लोकांनी प्रक्षेपण सुरू केलं. सरकारच्या परवान्याने इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र निघालं ते १९२७ च्या जुलैत. म्हणजे आपली आकाशवाणी जन्मण्याआधी हौशी माणसांनी आभाळ नांगरून ठेवलं होतं. महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने या लोकांचे प्रक्षेपक जमा करायला लावले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा तांत्रिक बाजूला बिनतारीचं वेड असलेली हौशी मंडळीच होती. जागा बदलत बदलत ते केंद्र नोव्हेंबरपर्यंत चाललं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी गाठलं आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचं नभोवाणी केंद्र आधी खासगी होतं. १९३५ च्या फेब्रुवारीत ते निजाम सरकारचं झालं. ताकद फक्त दोनशे वॅट, म्हणजे दोन मोठ्या दिव्यांइतकी. पुढे मोठा प्रक्षेपक आला, औरंगाबादेतही केंद्र निघालं. दरबारी भाषा उर्दू. उर्दूत बिनतारीला 'लासलकी' म्हणतात. 'सिल्क' म्हणजे धागा, तार आणि 'ला' म्हणजे नसलेली. लासलकी आणि बिनतारी, दोन्ही शब्दांचा अर्थ तोच. माझ्या कानांना हे दोन्ही शब्द जुळ्या भावंडांसारखे वाटतात.

अब्बांनी पहिला रेडिओ ऐकला तो औशाच्या बाजूच्या एका खेड्यात, देशमुखांच्या वाड्यात. गावात वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी महाग, म्हणून तो फक्त बातम्यांपुरता लावत. तारीख १७ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजा १३ तारखेला हैदराबाद संस्थानात शिरल्या होत्या. त्या संध्याकाळी निजामाने नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली. वाड्याच्या ओसरीवर गाव जमलं होतं. अब्बा आठ वर्षांचे. त्यांना शब्द कळले नाहीत, पण माणसांचे चेहरे कळले. कुणी एकमेकांना मिठ्या मारत होतं. त्यांचे वडील, म्हणजे माझे दादा, मात्र त्यांचं मनगट घट्ट धरून उभे होते.

त्या दिवसाला आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणतो आणि ते योग्यच आहे. रझाकारांनी गावंच्या गावं होरपळून काढली होती. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा आमच्या लातूरलाच वकिली करणारा. पण त्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उठली आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी पुष्कळ मुसलमान माणसं मारली गेली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं नोंदवली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्या रात्रींत देशमुखांच्या घरातल्या काकूंनी अब्बांना आणि त्यांच्या दोन बहिणींना धान्याच्या बळदात ठेवलं आणि वर ज्वारीची पोती लावली. अब्बा हे क्वचितच सांगत. सांगितलं की शेवटी एवढंच म्हणत, "बळदातून रेडिओ ऐकू येत होता. सगळीकडे शांतता आहे असं तो सांगत होता."

मला वाटतं, अब्बा रेडिओच्या धंद्यात आले ते त्या आवाजाचं पोट उघडून बघायलाच. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादची नभोवाणी भारत सरकारकडे आली. १९५६ मध्ये संस्थानाचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. अब्बा मात्र उलट्या दिशेने हैदराबादला गेले आणि ट्रूप बाजारातल्या एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकले. त्यांची वही उर्दूत आहे. उर्दूत लाटेला 'मौज' म्हणतात. वहीत ठिकठिकाणी मौज, मौज असं लिहिलेलं. लहानपणी मला वाटायचं, अब्बांचा धंदा फारच मजेचा असणार.

१९६०-७० च्या दशकांत तो होताही. लग्नात रेडिओ, घड्याळ, सायकल देण्याचे ते दिवस. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं घरातल्या माणसांसारखी. रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्यावर तिकिटं चिकटवावी लागत. तो परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला. मग ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला. व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले आणि माळ्यावरून भंगारात.

व्हॉल्व्ह म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवं. हवा काढून घेतलेली काचेची कुपी. आत तापणारी तार. ती तापली की तिच्याजवळून विजेचे सूक्ष्म कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी. जाळीवर क्षीणसा संदेश आला की ती त्या धावणाऱ्या कणांना कमी-जास्त अडवते, आणि दुबळ्या संदेशाची बलवान नक्कल पलीकडे तयार होते. दारावरच्या पडद्याने वाऱ्याचा झोत आवरावा तसं. १९०४ मध्ये फ्लेमिंगने पहिली कुपी केली, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तीत जाळी घातली. ट्रान्झिस्टर येईपर्यंत जगाचं सगळं बोलणं या काचेतून गेलं.

आता त्या पेटीकडे येऊ.

जुना संच समोर आला की नवशिक्याला पहिला मोह होतो तो बटण दाबून बघण्याचा. मी तो मोह एकदा केला होता. पंचविशीत होतो. दादीचा मर्फी पंधरा वर्षं बंद होता. ईदच्या आदल्या दिवशी तिला चकित करावं म्हणून मी सरळ पिन लावली. मिनिटभर सुरेख गुणगुणला, मग जळक्या डांबराचा वास आला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. तसा दुसरा मिळाला नाही. दादी काही बोलली नाही. तिने रेडिओवरचा विणलेला रुमाल काढला, घडी केली आणि पेटीत ठेवून दिला.

चूक काय होती ते अब्बांनी नंतर सांगितलं. बंद संचातले कंडेन्सर वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने आतून दुबळे होतात. एकदम पूर्ण दाब दिला की त्यातून वीज पाण्यासारखी वाहते आणि भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. अब्बांचा नियम होता: आधी नाक, मग डोळे, मग हात. जळका वास येतो का? मेण वितळलंय का, तार उंदराने कुरतडलीय का? कंडेन्सरमध्ये जुनी वीज दबा धरून बसलीय का, ती आधी उतरवायची. व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे व्होल्ट सहज असतात, ते माणूस ओळखत नाहीत. त्यानंतर वीज द्यायची तीही सिरीज बल्बमधून, म्हणजे संचाच्या वाटेवर एक साधा दिवा ठेवून. आत कुठे घोटाळा असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि संच वाचतो. दिवा मंद झाला की समजायचं, आजारी माणसाने पेज घेतली. "मरे हुए को झटका नक्को दे बेटा, सांस दे," असं ते म्हणत.

लातूरच्या पेटीला श्वास द्यायला आम्हाला दोन महिने लागले. वीज असेल तेव्हाच काम. मेणकागदाचे कंडेन्सर गळके झाले होते. असा एक कंडेन्सर आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब सोडतो आणि व्हॉल्व्हचा पत्रा लालबुंद होतो. ते बदलले. काही रेझिस्टन्स वयाप्रमाणे वाढून दीडपट झाले होते, तेही बदलले. जुन्या पत्र्याच्या डबीतला सडलेला कंडेन्सर काढायचा, त्याच डबीत आजचा करंगळीएवढा कंडेन्सर घालायचा आणि झाकण पुन्हा कथलाने बंद करायचं, हे काम मी केलं. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. हा संच विमानाच्या अठ्ठावीस व्होल्टवर चालणारा. आत वीज वाढवायला एक फिरतं यंत्र असे. लातूरच्या त्या गृहस्थांनी ते काढून टाकलं होतं, जागी घरगुती विजेचा ट्रान्सफॉर्मर बसवला होता, व्हॉल्व्हच्या तापण्याच्या तारांची जोडणी बदलून सहा व्होल्टची केली होती. त्यासाठी पत्र्याला दोन भोकं पाडली होती. बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांखाली बारीक मराठी चिठ्ठ्या डकवल्या होत्या: आवाज, सूर, धार.

मी हौसेने पुण्याच्या एका संग्राहकाला फोन केला. ते म्हणाले, मूळ रूपात आणलात तर चांगली किंमत देऊ. चिठ्ठ्या काढा, भोकं बुजवा, फिरतं यंत्र मिळवा. लातूरच्या मुलाला पैशांची गरज होती, हे त्याच्या चपलांकडे बघूनच कळत होतं. मी अब्बांना म्हटलं, मूळचंच करू.

अब्बांनी विचारलं, "मूळचं म्हणजे कुठलं? हा विमानात दोन-चार वर्षं होता. त्या माणसाजवळ चाळीस वर्षं होता. मूळ कोणतं?"

मला उत्तर आलं नाही. अब्बांनी मुलाला निरोप दिला: वडिलांची नोंदवही असेल तर घेऊन ये.

वही आली. डाक-तार खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं ते वळणदार अक्षर. तारीख, वेळ, लहर, समोरच्याचं संकेतनाव, आवाज कसा होता. श्रीलंका, जपान, रशिया, कुठली कुठली माणसं. पानं उलटता उलटता आम्ही १९९३ वर आलो.

३० सप्टेंबर १९९३. आपल्यापैकी ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. टेलिफोन कोलमडले. अशा वेळी हॅम मंडळी बाहेरून आपापले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आली आणि त्यांनी संदेशवहन सुरू केलं. कुठे औषध हवं, कुठे ताडपत्री, कोण जिवंत आहे. मी तेव्हा कॉलेजात होतो. भाकरीच्या गाठोड्यांच्या ट्रकमधून किल्लारीला गेलो होतो. एका तंबूत मोटारीच्या बॅटरीला लावलेल्या छोट्या पेटीसमोर बसून एक माणूस नावं वाचत होता, एकेक नाव दोनदा. ती नावं कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, हे त्याच्या आवाजातून कळत नव्हतं.

लातूरच्या वहीत त्या तारखेला तीनच ओळी होत्या. "वीज नाही. मोठा संच मुका. छतावरची तार उतरवून किल्लारीला जाणाऱ्या मंडळींना दिली." पुढे दोन पानं कोरी.

मी ते मोठ्यांदा वाचलं. मुलगा म्हणाला, "म्हणूनच छतावर नुसते दोन खांब आहेत. मी आईला विचारायचो, तर ती म्हणायची, तार परत यायची आहे."

बिनतारी असं आपण म्हणतो, पण बिनतारीलाही एक तार लागतेच. संदेश हवेतून येतो हे खरं, तो उतरायला मात्र छतावर वीसेक मीटर तांबं ताणलेलं असावं लागतं. त्या गृहस्थांचा संच वीज नसल्याने त्या दिवशी निरुपयोगी होता. उपयोगाची होती ती एवढीच गोष्ट, आणि ती त्यांनी दिली.

त्यानंतर चिठ्ठ्या काढण्याचा विषय कुणी काढला नाही. मुलगाच म्हणाला, "चाचा, आहे तसाच राहू द्या." संग्राहकाला मी नकार कळवला. अब्बांनी मजुरी घेतली नाही असं मी सांगणार नाही. त्यांनी घेतली, थोडी घेतली. फुकटच्या कामाला माणूस किंमत देत नाही असं त्यांचं मत होतं.

शेवटची रात्र आठवते. दहा वाजता वीज आली. आमच्या गच्चीपासून शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नवी तार ताणली होती. अब्बांनी सिरीज बल्ब काढून पहिल्यांदा पूर्ण दाब दिला. काचेच्या आत तारा हळूहळू केशरी झाल्या. तापलेल्या धुळीचा तो ओळखीचा वास. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आधी नुसती सळसळ. मग बदकं बोलल्यासारखा आवाज. हौशी लोक हल्ली ज्या पद्धतीने बोलतात तिच्यात लहरीचा काही भाग पाठवायचाच नाही अशी रीत असते. तो भाग ऐकणाऱ्याच्या संचाने आपल्याजवळचा घालायचा. तेव्हा शब्द लागतात. त्यासाठीचं बटण होतं 'सूर' या चिठ्ठीचं. मुलाने ते केसभर फिरवलं आणि बदकाचा माणूस झाला. कुणीतरी मराठीत विचारत होतं, "तुमच्याकडे पाऊस कसाय?"

आम्हाला उत्तर देता येणार नव्हतं. आमच्याकडे परवाना नव्हता, प्रक्षेपक नव्हता. तिघंही नुसते ऐकत होतो. बाहेर पाऊसच पडत होता.

अब्बा जाऊन आता काही वर्षं झाली. मध्यम लहरींवरची कितीतरी केंद्रं अलीकडे बंद झाली. व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे हात तर मराठवाड्यात शोधावेच लागतील. ज्यांच्या माळ्यावर असा संच असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, सरळ पिन लावू नका आणि भंगारात देण्याआधी आत कुणाच्या हाताच्या खुणा आहेत ते बघा.

लातूरचा मुलगा संच न्यायला आला तेव्हा अब्बांनी गच्चीवरची नवी तार उतरवली, नीट गुंडाळी केली आणि पेटीवर ठेवली. मी म्हटलं, ही तर आपली आहे. अब्बा म्हणाले, "त्यांची परत यायची होती ना? ही घे म्हणावं, आली."